आत्याबाईंचे मुऱ्हाळी

गेल्या चैत्र शुद्ध तृतीयेची गोष्ट. घरांत चैत्रगौर झोपाळ्यांत बसली होती, स्वयंपाकघरांत कैरीच्या डाळीची वाटणघाटण चालली होती, आणि संध्याकाळच्या हळदीकुंकवासाठीं सुनांची धांदल उडाली असल्यामुळें आम्हां पुरुषमंडळींची रवानगी ओटीवर झाली होती. धाकटा नातू मोबाइलवर कांहींतरी पाहत बसला होता. त्यांतून एकाएकीं असा गडगडाट निघाला कीं आमचें कुटुंब हातांतलें डाळीचें पातेलें घेऊनच बाहेर आलें आणि म्हणालें, "अगबाई, गणपति चैत्रांत कसे आले?"

मीं चष्मा लावून पाहिलें. पिवळ्या मातीचा रस्ता, दुतर्फा शेतें, आणि त्या रस्त्यानें माणसांची लांबच लांब रांग चाललेली. पुढें निशाणें, मध्यें पालखी, आणि पालखीच्या मागेंपुढें लाल-पिवळ्या पोषाखांतले ढोलकरी, थाळे वाजविणारे, झांजा वाजविणारे. झांज वाजवून झाली कीं वाजविणारा ती दोन्ही हातांनीं डोक्यावर उंच उघडून धरी, अंगाला एक गिरकी देई, आणि उन्हांत त्या पितळी तबकड्या लखकन् चमकत. नातू खालची इंग्रजी ओळ वाचून म्हणाला, "आजोबा, हे चीनमधले आहेत. कुणाच्या तरी मावशीला आणायला चाललेत."

इंग्रजी भाषेनें मावशी, आत्या, काकू आणि मामी या चौघींना एकाच शब्दांत कोंबलें असल्यामुळें नातवाकडे दोष नाहीं. परंतु मला चैन पडेना. मूळ चिनी शब्द कोणता, हें शोधून पाहिलें. तो निघाला 'गुगू'. गुगू म्हणजे बापाची बहीण. म्हणजे आपली आत्या. गांवचा गांव ढोल-झांजा घेऊन आत्यांना माहेरीं आणावयास निघाला होता! पुढें दोन-तीन महिने मी याच विषयाच्या नादीं लागलों होतों, आणि जें हातीं लागलें तें वाचकांपुढें, विशेषतः ज्या घरांत अजून आत्याबाईंचें येणें-जाणें आहे त्या घरांतील वाचकांपुढें, ठेवावेंसें वाटतें.

उत्तर चीनमध्यें शान्सी नांवाचा प्रांत आहे. सगळा मुलूख पिवळ्या, भुसभुशीत मातीचा. त्यांतून फन नांवाची नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत जाऊन पुढें पीत नदीस मिळते. फनच्या कांठीं लिनफन हें शहर आहे. त्याचें जुनें नांव फिंगयांग. त्याच्या उत्तरेस हुंगथुंग नांवाचा तालुका लागतो. चौदाव्या शतकांत मिंग राजवटीच्या आरंभीं या प्रांतांतील असंख्य कुटुंबें उठवून ओसाड पडलेल्या मुलखांत वसविण्यांत आलीं. निघण्यापूर्वीं तीं हुंगथुंग येथील एका मोठ्या वृक्षाखालीं जमत, अशी परंपरा आहे, आणि उत्तर चीनमधील कितीतरी घराणीं आजही "आमचें मूळ त्या झाडाखालीं" असें सांगतात. तेव्हां हा तालुका म्हणजे अर्ध्या उत्तर चीनचें माहेरच म्हणावयाचा.

याच तालुक्यांत, फन नदीच्या पूर्वेस यांगश्ये नांवाचें खेडें आणि नदीच्या पश्चिमेस लीशान नांवाची टेकडी आहे. यांगश्ये हें आत्यांचें माहेर, लीशान हें सासर. आतां या आत्या कोण, तें सांगतों.

आपल्याकडे रामराज्य म्हणतात, तसें चिनी लोक याव आणि शुन या दोन प्राचीन राजांच्या काळाबद्दल बोलतात. याव म्हातारा झाला. स्वतःचा मुलगा राज्यास योग्य नाहीं, हें त्यानें ओळखलें. (हें ओळखणारा बाप राजांत काय आणि प्रजेंत काय, विरळाच.) मग लोकांनीं त्याला शुन नांवाच्या एका शेतकऱ्याचें नांव सुचविलें. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं होऊन गेलेला चिनी इतिहासकार सिमा छ्यन सांगतो कीं, यावनें आपल्या दोन्ही मुली शुनला दिल्या, त्या अशासाठीं कीं घरांत तो कसा वागतो हें कळावें. राजसभेंत मनुष्य पुष्कळ सोंगें आणूं शकतो. चार भिंतींच्या आंत तो कसा आहे, हें बायकोइतकें कोणास ठाऊक असणार?

आणि शुनचें घर म्हणजे खरोखरच परीक्षेची जागा होती. बाप आंधळा, आणि बुद्धीनेंही आंधळा. आई सावत्र. सावत्र भाऊ मत्सरानें जळणारा. तिघांनीं मिळून त्याला कोठाराच्या छपरावर चढविलें आणि खालून आग लावली; तो दोन मोठ्या टोप्या पंखांसारख्या धरून उडी टाकून वांचला. मग त्याला विहीर खणावयास लावून वरून माती लोटली. त्यानें आधींच बाजूनें भुयार काढून ठेवलें होतें. भावानें तर तो मेला असें समजून वांटणीही करून टाकली: गुरें आणि धान्याचीं कोठारें आईबापांना, वीणा आणि दोन्ही वहिनी आपल्याला! इतकें होऊनही शुन घरीं परत आला तो पूर्वींइतक्याच मर्यादेनें वागला. लीशानवर तो शेती करीत होता तेव्हां त्याच्या वागणुकीचा असा परिणाम झाला कीं तेथील शेतकरी बांधावरून भांडण्याऐवजीं एकमेकांना बांध सोडूं लागले. ही शेवटची गोष्ट मला कोठाराच्या आगीपेक्षांही अद्भुत वाटते.

इतिहासज्ञ या दोघां राजांना पुराणपुरुषच मानतात, आणि लीशान नांवाच्या टेकड्या चीनमध्यें एकाहून अधिक आहेत. प्रत्येक ठिकाणचे लोक आपलीच खरी म्हणतात. पंचवटी कोणती, किष्किंधा कोणती, असले वाद आपल्यालाही परके नाहींत. परंतु हुंगथुंगच्या शेतकऱ्यांना त्या वादाशीं कांहीं कर्तव्य नाहीं. त्यांच्या लेखीं यावच्या या दोन मुली, थोरली अ-ह्वांग आणि धाकटी न्यूयिंग, यांगश्येच्या लेकी होत. यांगश्येचे लोक स्वतःला यावच्या घरचे समजतात, म्हणून त्या त्यांच्या आत्या. लीशानकडचे लोक त्यांनाच 'न्यांगन्यांग', म्हणजे आईसाहेब, म्हणतात. एकाच दोन मूर्ति. नदीच्या या कांठावर आत्या आणि त्या कांठावर आईसाहेब. दोहों कांठचे लोक त्या नात्यानें परस्परांना आप्त मानतात आणि तसेच वागतात.

या दोघी बहिणींविषयीं गोष्टी पुष्कळ आहेत. दोघींत थोरलेपण कोणाकडे, हें ठरविण्यासाठीं दाणे शिजविण्याची, जोड्याचा तळवा शिवण्याची आणि सासरीं आधीं पोंचण्याची अशा तीन शर्यती लावल्या होत्या, असें सांगतात. तिसऱ्या शर्यतींत एकीची खेचरी वाटेंतच व्याली आणि तिला उशीर झाला. तेव्हां तिनें चिडून शाप दिला कीं यापुढें खेचराला पिलूं होणार नाहीं. खेचरें वांझ कां असतात याचें उत्तर मी पंचवीस वर्षें वर्गांत निराळेंच देत आलों. हें अधिक लक्षांत राहण्यासारखें आहे, एवढें कबूल करतों.

चिनी पंचांगाच्या तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेस यांगश्येचे लोक पालखी घेऊन निघतात. नदी ओलांडून लीशानला जातात, तेथें रात्रीं मुक्काम करतात, आणि दुसऱ्या दिवशीं आत्यांना पालखींत बसवून, वाटेंत गांवोगांव थांबत, परत येतात. वाटेवरचे लोक घरापुढें मेजें मांडून, येणाऱ्या-जाणाऱ्यांना खाऊं-पिऊं घालतात. त्याचे पैसे घेत नाहींत. मग चौथ्या महिन्याच्या अठ्ठाविसाव्या तिथीस, यावचा जन्मदिवस म्हणून मानतात त्या दिवशीं, लीशानकडचे लोक आपले ढोल वाजवीत येतात आणि आईसाहेबांना सासरीं घेऊन जातात. म्हणजे माहेरपण जवळजवळ दोन महिन्यांचें.

येथें मी पंचांग काढून बसलों. चिनी महिना आपल्या महाराष्ट्रांतल्याप्रमाणेंच अमावास्येनंतर सुरू होतो, आणि त्यांचा तिसरा महिना बहुतेक वर्षीं आपल्या चैत्राबरोबर पडतो. अधिक मासाचा हिशेब दोहोंकडे सारखा नसल्यामुळें कधीं कधीं एका महिन्याचें अंतर पडतें, एवढेंच. तेव्हां त्यांची तृतीया ती बहुधा आपली चैत्र शुद्ध तृतीया. त्याच दिवशीं आपल्याकडे गौर माहेरीं येते, झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत राहते! एकाचें दुसऱ्यापासून आलें असें मी मुळींच म्हणत नाहीं. तसें म्हणावयास तिळाएवढाही आधार नाहीं. हिवाळा सरला, पेरणी-कापणीची घाई अजून लागावयाची आहे, अशा दिवसांत सासुरवाशिणीस माहेर आठवतें, आणि चंद्र दोन्ही देशांना एकच आहे.

फरक एवढाच कीं, आपली गौर मुकाट्यानें येते. त्यांच्या आत्या येतात त्या ढोल-झांजांच्या कडकडाटांत.

या वाद्यमेळास 'वेइफंग लुओगू' म्हणतात. लुओ म्हणजे काशाचा थाळा, देवळांत तास म्हणून टांगतात तसा. गू म्हणजे ढोल. आणि वेइफंग म्हणजे दरारा, रुबाब. 'रुबाबाचे ढोल-ताशे' असें भाषांतर केलें तर आपल्या लोकांस चटकन् समजेल. वाद्यें चार: ढोल, थाळा, आणि दोन जातींच्या झांजा. एका झांजेला 'नाओ' म्हणतात; तिचा मधला उंचवटा लहान, त्यामुळें तिचा नाद उघडा आणि लांब रेंगाळणारा. दुसरी 'बो', तिचा उंचवटा मोठा, नाद भरीव आणि आखूड. सनई नाहीं, बासरी नाहीं, गाणें नाहीं. केवळ आघातावर सगळा डोलारा उभा. तरी तासन्‌तास ऐकूनही माणूस कंटाळत नाहीं, याचें कारण ढोलकऱ्याच्या टिपऱ्यांत आहे. तो मध्यावर मारतो, कडेवर मारतो, ढोलाच्या लांकडावर मारतो, टिपऱ्यावर टिपरूं मारतो. प्रत्येक जागेचा आवाज वेगळा. ढोल हा सेनापति. त्यानें चाल बदलली कीं थाळे त्याच्यामागें जातात, आणि नाओ व बो एकमेकींना सवाल-जबाब केल्याप्रमाणें मधल्या मोकळ्या जागा भरून काढतात.

आणि हें सगळें स्थिर उभें राहून नव्हे. मला तर अखेरपर्यंत ठरवितां आलें नाहीं कीं हे लोक वाजवितांना नाचतात कीं नाचतांना वाजवितात. झांज वाजविणाऱ्याचें पाहा. झांजेवर झांज आदळली कीं ती लगेच दूर न्यावी लागते, नाहींतर नाद गुदमरतो. आतां दूर न्यावयाचीच, तर ती उंच न्यावी, गोल फिरवून न्यावी, पाय रोवून कमरेंतून वळून न्यावी. झांजेला बांधलेला लाल कपडा हवेंत फडकावा! म्हणजे नादाची जी गरज, तिचाच नाच झाला. ढोलकऱ्याचेंही तेंच. टिपरूं जितकें वरून येईल तितका आवाज मोठा. म्हणून हात खांद्यापासून उचलावा लागतो, हात उचलला कीं छाती पुढें येते, छातीबरोबर पाऊल उठतें. मृदंगाला बोटें लागतात. या ढोलाला सबंध मनुष्य लागतो.

हें शिकवितात कसें, याविषयीं मला शिक्षक म्हणून विशेष कुतूहल होतें. आपल्या तबल्याला बोल आहेत, तसे त्यांच्या ढोल-झांजांनाही आहेत. पेकिंगच्या नाटकांत मोठ्या थाळ्याचा 'त्सांग', झांजेचा 'त्साय', लहान थाळीचा 'थाय', ढोलाचा 'दुंग' असे बोल आहेत, आणि विद्यार्थ्यानें वाद्याला हात लावण्यापूर्वीं ते तोंडपाठ करावयाचे असतात. या बोलांच्या संग्रहास ते 'लुओगू-चिंग' म्हणतात. यांतला 'चिंग' हा शब्द ते धर्मग्रंथांना लावतात तोच! घोकंपट्टीला हंसणाऱ्यांनीं याचा विचार करावा. गतींचीं नांवेंही मोठीं मजेदार असतात. लिनफनच्या दक्षिणेस जवळच असलेल्या च्यांगचौच्या ढोलवाल्यांची 'गडगडणारे अक्रोड' नांवाची एक गत प्रसिद्ध आहे. छपरावर वाळत घातलेले अक्रोड घरंगळत खालीं येतात, तो सगळा गडगडाट केवळ ढोलावर आणि ढोलाच्या कडेवर काढून दाखवितात. शेजारच्या शेन्सी प्रांतांतील शीआन येथें झांजांवर बसविलेली 'बदकांचें भांडण' नांवाची एक रचना आहे. ती मीं सुनांना ऐकविली. त्यांनीं एकमेकींकडे पाहिलें आणि त्या हंसूं लागल्या. कां, तें मीं विचारलें नाहीं.

वर मीं झांजांना पितळी म्हटलें, ती माझी नजरचूक. पितळ नव्हे, कांसें. तांब्याचे सुमारें चार भाग आणि कथलाचा एक भाग असें हें मिश्रण असतें. कथील इतकें घातलें कीं नाद उत्तम येतो, पण धातु कांचेसारखी ठिसूळ होते. म्हणून कांसार ती लालबुंद तापवून, चार-सहा घणांच्या घावांनीं पातळ पसरतात, आणि मग एकदम पाण्यांत विझवितात. पोलाद पाण्यांत विझविलें कीं कठीण होतें. हें कांसें उलट पाण्यानें चिवट होतें. याच शान्सी प्रांताच्या आग्नेय भागांतील चांगत्स तालुक्यांत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, आणि त्या कलेची २००८ सालीं राष्ट्रीय वारशाच्या यादींत नोंद झाली. सर्वांत अवघड काम शेवटचें: तयार थाळ्यावर गार हातोडीनें नेमक्या जागीं ठोका देऊन सूर लावणें. ठोका चुकला तर सगळी मेहनत फुकट. चिनी भाषेंत एखाद्या वादाचा एका शब्दांत कायमचा निकाल लावणें याला 'एका हातोडीनें सूर ठरविणें' असेंच म्हणतात.

आतां थोडें प्राचीनत्वाविषयीं. लिनफनच्या दक्षिणेस थाओस नांवाच्या गांवीं १९७८ पासून उत्खनन झालें. तेथें चार हजार वर्षांहून जुन्या अशा एका मोठ्या वसाहतीचे अवशेष निघाले. कांहीं चिनी विद्वान् तीच यावची राजधानी समजतात. तसें सिद्ध झालेलें नाहीं. परंतु तेथील मोठमोठ्या थडग्यांत, प्रेताशेजारीं, पोखरलेल्या झाडाच्या खोडाचे ढोल निघाले, आणि त्यांना सुसरीचें कातडें मढविलेलें होतें. जवळच टांगून वाजविण्याची मोठी दगडी पट्टी. एका लहानशा थडग्यांत तांब्याची एक बारकी घंटाही सांपडली. याव झाला असो वा नसो, त्याच्या म्हणून सांगितलेल्या मुलखांत, त्याच्या म्हणून सांगितलेल्या काळीं, ढोल वाजत होता, एवढें मात्र मातीनें दाखवून दिलें.

झांजांची गोष्ट वेगळी. त्या थडग्यांत झांजा नाहींत. सुइ राजवटीच्या (५८१ ते ६१८) इतिहासग्रंथांत संगीतावर एक भाग आहे, आणि त्यांत त्या दरबारीं वाजविल्या जाणाऱ्या परदेशी संगीतांचें वर्णन दिलें आहे. त्यांतलें एक 'थ्यानचू'चें, म्हणजे हिंदुस्थानचें. चौथ्या शतकाच्या मध्यास चांग छुंगह्वा हा वायव्येकडील ल्यांगचौ प्रांतावर राज्य करीत असतां, भाषेमागून भाषा बदलीत, चार दुभाषांच्या मार्फत हें संगीत तेथें पोंचलें, असें तो ग्रंथ सांगतो. वादक बारा, वाद्यें नऊ. आणि त्या नऊ वाद्यांच्या यादींत शेवटीं शेवटीं दोन नांवें आहेत: तांब्याच्या झांजा आणि शंख. आठव्या शतकाच्या अखेरीस तू यू या ग्रंथकारानें लिहिलेल्या मोठ्या कोशांतही झांज पश्चिमेकडील आणि दक्षिणेकडील परकीयांकडून आल्याचें म्हटलें आहे. पुढें बौद्ध मठांतील पूजेंत ती कायमची बसली, आणि मठांतून उतरून शेतकऱ्यांच्या हातीं आली.

हें वाचून माझी छाती थोडी फुगली, हें कबूल करावयास हरकत नाहीं. परंतु लगेच ध्यानांत आलें कीं झांज आपलीच, असें म्हणण्याचाही आपल्याला अधिकार नाहीं. असीरियाच्या प्राचीन शिल्पांत झांजा वाजविणारे आहेत. वाद्यें व्यापाऱ्यांच्या आणि भिक्षूंच्या पाठीवरून फिरत असतात, आणि जेथें त्यांना घर मिळतें तेथलीं होतात. आपल्या भरतमुनींनीं वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले, ते नाद कसा उत्पन्न होतो यावरून. चिनी शास्त्रकारांनीं आठ वर्ग केले, ते वाद्य कशाचें बनलें आहे यावरून: धातु, दगड, रेशीम, वेळू, भोपळा, माती, कातडें आणि लांकूड. आमच्या घनवाद्याला त्यांनीं धातूच्या ओळींत बसविलें, लाल कपडा बांधला, आणि आपल्या आत्यांच्या पालखीपुढें नाचविलें. आतां तें त्यांचें.

१९६६ ते १९७६ या दहा वर्षांत चीनमध्यें जुन्या चालीरीतींवर मोठें गंडांतर आलें. देवळें मोडलीं, मूर्ति फुटल्या, आणि असल्या मिरवणुकांना उघडपणें जागा उरली नाहीं. माहेर आहे, सासर आहे, पण आत्यांना आणावयाचें नाहीं, अशी ती वर्षें. १९८० च्या सुमारास बंधनें सैल झालीं तेव्हां ढोल पुन्हां बाहेर निघाले. १९९० सालीं पेकिंगमध्यें आशियाई क्रीडासामने झाले. त्यांच्या उद्घाटनाच्या दिवशीं लिनफनचे शेंकडों ढोलकरी आणि झांजवाले मैदानांत उतरले, आणि सगळ्या देशाला त्यांचें नांव माहीत झालें. २००६ सालीं या वाद्यमेळाची राष्ट्रीय वारशाच्या यादींत नोंद झाली. २००८ सालीं हुंगथुंगच्या या आप्तभेटीच्या चालीचीही झाली.

मीं क्रीडांगणावरच्या अशा वादनाच्या चित्रफिती पाहिल्या, आणि वाटेवरच्याही पाहिल्या. क्रीडांगणावरचे लोक अधिक चांगले वाजवितात, यांत शंका नाहीं. रांगा दोरी धरल्यासारख्या, शेंकडों झांजा एकाच क्षणीं उघडतात, एकाच क्षणीं मिटतात. वाटेवरचे लोक दमतात. कोणी ढोल खालीं ठेवून पाणी पितो, एखादा म्हातारा तालांत मागें पडतो आणि हंसतो, मध्येंच एक पोर झांज हातांत घेऊन भलत्याच वेळीं वाजवितें. पण ते कोठें तरी चालले आहेत. क्रीडांगणावरचे लोक गोल फिरून होते तेथेंच येतात. त्यांची पालखी कोठें आहे, असा प्रश्न मला राहून राहून पडे. तथापि एक गोष्ट न सांगणें अन्यायाचें होईल. पूर्वीं हे ढोल पुरुषच वाजवीत. दोन लेकींच्या मानाखातर निघालेली मिरवणूक, आणि तींत लेकीबाळींनीं टिपरूं हातीं धरावयाचें नाहीं! गेल्या चाळीसएक वर्षांत बायकांचीं स्वतंत्र पथकें निघालीं, आणि आतां त्या असा ढोल बडवितात कीं पाहत राहावें. रंगभूमीच्या आणि क्रीडांगणाच्या मोकळ्या हवेनें हें सोपें केलें असावें, असें मला वाटतें.

आपल्याकडे सासुरवाशिणीस आणावयास माहेरचें जें माणूस जातें त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आजच्या मुलांना हा शब्द ठाऊक नाहीं. माझ्या नातवाला तो मला समजावून सांगावा लागला. "म्हणजे हे सगळे मुऱ्हाळी?" त्यानें पडद्याकडे बोट करून विचारलें. मीं होय म्हटलें, आणि मला माझी आत्या आठवली.

ती वडिलांची धाकटी बहीण, कोंकणांत दिलेली. दर चैत्रांत आमच्याकडून कोणीतरी तिला आणावयास जाई. मी आठ-नऊ वर्षांचा असतांना एका मुंजींत मानपानावरून वडिलांचें आणि तिच्या सासरच्यांचें बिनसलें. कारण इतकें क्षुल्लक कीं तें आतां मला नीट आठवतही नाहीं. बहुधा उपरणें होतें. त्या वर्षीं मुऱ्हाळी गेला नाहीं. दुसऱ्या वर्षींही गेला नाहीं. आजी गौर बसवी, आरास करी, आणि एक शब्द बोलत नसे. डाळ मात्र ती वाटीभर झांकून ठेवी, आणि दुसऱ्या दिवशीं ती आंबली म्हणून गाईला घाली. चौथ्या वर्षीं तृतीयेच्या दुपारीं आत्या एस्. टी. तून उतरून, हातांत एक बोचकें घेऊन, एकटीच दारांत उभी राहिली. म्हणाली, "कोणी आणायला येत नाहीं, म्हणून माझी मीच आलें." वडील उठून मागल्या अंगणांत गेले आणि बराच वेळ विहिरीपाशीं उभे राहिले. ती आठ दिवस राहिली. परत पोंचवावयास मात्र ते स्वतः गेले.

माझी स्वतःची बहीण सोलापुरास असते. भांडण नाहीं, तंटा नाहीं. दूरध्वनीवर बोलणें होतें, "येईन कधींतरी" असें ती म्हणते, "ये कीं" असें मी म्हणतों, आणि अशीं सहा वर्षें गेलीं होतीं. हा लेख लिहावयाचें मनांतही नव्हतें तेव्हांचीच गोष्ट. अक्षय्यतृतीयेला चार दिवस उरले असतांना मी नातवाला घेऊन पहांटेच्या गाडीनें निघालों. बहिणीनें दार उघडलें आणि ती प्रथम घाबरलीच; कोणाचें काय बरें-वाईट झालें, असें तिनें विचारलें. कांहीं झालें नाहीं, तुला आणावयास आलों आहों, हें तिला पटावयास चहा होईपर्यंतचा वेळ लागला.

गौर उठण्याच्या आदल्या दिवशीं आम्ही तिघें घरीं पोंचलों. सुना पाणी आणि भाकरतुकडा घेऊन दारांत आल्या, आणि तेवढ्यांत नातवानें मोबाइल काढून, होता नव्हता तेवढा आवाज मोठा करून, यांगश्येचे ढोल आणि झांजा लावल्या. "अरे, बंद कर रे तें," बहीण म्हणाली, "शेजारीं काय म्हणतील?" पण उंबरठा ओलांडतांना तिनें पदर सांवरला, आणि ती अंमळ थांबून, तें संपेपर्यंत तेथेंच उभी राहिली.